बारा देऊन ठेवले

संघपालला कारखान्यात सगळे चारसोबीस म्हणत. तेवीस वर्षांत त्याने तिथला साधा खिळाही घरी नेला नव्हता, पण त्याचं कामच पडलं चार-वीसचं. टाकीत किती माल आहे ते टाकीवरचं यंत्र तारेतून बारीकसा करंट पाठवून कंट्रोल रूमला कळवतं. चार मिलीअँपिअर म्हणजे टाकी रिकामी, वीस म्हणजे काठोकाठ, बारा म्हणजे बरोबर अर्धी. हे आकडे खरं बोलतात की खोटं, ते बघणारा माणूस संघपाल.

माणूस जात्याच भेदरट. इंदोऱ्यातल्या घरी गॅसचं बटन तीनदा बघितल्याशिवाय त्याला झोप नाही. बायको, मेघा, म्हणायची, "अवो, चौथ्यांदा पाहाल तं ते बटनच हातात येईन." पण मौद्याच्या रस्त्यावरच्या त्या कारखान्यात सोयाबीनचं तेल काढायला जे सॉल्व्हंट लागतं, ते पेट्रोलसारखं भडकतं. तिथे भेदरटच माणूस हवा.

त्या बुधवारी अकराच्या सुमारास कूलिंग टॉवरचं काम आटोपून तो कंट्रोल रूममध्ये आला. नवी इंजिनिअर सोनिका स्क्रीनसमोर वैतागून बसली होती.

"संघपालजी, सॉल्व्हंटची दोन नंबरची टाकी नऊ वाजल्यापासून भरून राहिली, अन् पन्नास टक्क्यांच्या वर सरकूनच नाही राहिली. पंप बुढा झाला वाटते."

त्याने स्क्रीनवरची रेघ पाहिली. फूटपट्टी लावून ओढल्यासारखी सरळ. भरत्या टाकीची रेघ अशी नसते. माल हिंदकळतो, रेघ थरथरते. ही तर मेलेल्या माणसासारखी निजली होती.

त्याने पॅनल उघडून तारेत मीटर लावला. बारा पॉइंट शून्य शून्य. पुन्हा पाहिलं. तेच. म्हणजे इकडचं करंट वाचणारं कार्ड चांगलं, तारही चांगली. टाकीकडूनच कोणीतरी बारा देत होतं, अगदी मोजून.

त्याची नजर मनगटाकडे गेली.

यंत्र दुरुस्तीला घेतलं की अलार्म ओरडू नये, प्लांट थांबू नये, म्हणून त्याची तार सोडवायची आणि कॅलिब्रेटरने, म्हणजे करंट सोडणाऱ्या हातातल्या छोट्या डबीने, खोटे बारा चालू ठेवायचे. "बारा देऊन ठेव" हे तिथलं रोजचं बोलणं. दिले की रजिस्टरमध्ये लिहायचे, हा नियम. संघपालचा नियम वेगळा. तो घड्याळाच्या काचेवर लाल टेप चिकटवायचा आणि बारा काढल्याशिवाय टेप काढायचा नाही. वेळ बघायला गेलं की आठवण. काल संध्याकाळी दोन नंबरला बारा देऊन तो टाकीजवळच्या तारांच्या पेटीतलं पाणी पुसत असताना कंपनीच्या बसने हॉर्न दिला. 'सकाळी पहिलं हेच,' म्हणत त्याने टेप लावली आणि तो पळाला.

आता काचेवर टेप नव्हती. तिच्या जागी चिकट चौकोन आणि त्यावर टॉवेलाचा धागा. सकाळी मेघाने घड्याळ हातात देताना म्हटलं होतं, "काय कचरा चिकटवून फिरता वो, पुसून देलं मी." आणि तो चहाच्या घाईत नुसता हसला होता.

दोन तास पंप चालू होता.

दोन मेमो आधीच मिळाले होते. तिसऱ्याला घरी. गुपचूप जाऊन कॅलिब्रेटर काढला तर कोणाला कळणार? टाकी पाच मिनिटांवर. मग त्याला गोविंदा आठवला. टाकी भरताना व्हॉल्व्हपाशी गोविंदाच बसतो, टाकीच्या सावलीला.

"मॅडम, पंप बंद करा."

"काहून? प्लांटवाले बोंबलतीन ना."

"बंद करा म्हणतो ना! टाकी अर्धी नाहीये. ते बारा माहे आहेत!"

ती दचकली, पण तिने बटन दाबलं. संघपाल वॉकीटॉकी घेऊन धावत सुटला. गोविंदा भिंतीला टेकून तंबाखू-सुपारीचा खर्रा घोटत बसला होता.

"काय गा चारसोबीस, कुत्रं लागलं का मांगं?"

"ऊठ गा तिथून! कसला वास येऊन राहिला का?"

"मले सर्दी हाय बाप्पा. मले काय इचारतं?"

संघपालने त्याला दंडाला धरून दूर ढकललं. पेटीला हात लावण्याआधी त्याने नाक वर करून तीनदा हुंगलं. वास नव्हता. झाकण उघडलं. आत कॅलिब्रेटर इमानदारीत बारा दाखवत बसला होता. स्क्रू ड्रायव्हर दोनदा घसरला. घामाने तार बोटांत राहीना. शेवटी यंत्राची तार जागेवर बसली.

वॉकीटॉकीवर सोनिकाचा आवाज चिरकला. "साडेसत्त्याण्णव! संघपालजी, साडेसत्त्याण्णव टक्के!"

त्याने टाकीच्या माथ्याकडे पाहिलं. आणखी थोड्या वेळात वरच्या नळीतून सॉल्व्हंट सांडलं असतं, आणि खाली गोविंदा. गोविंदाही आता वर बघत होता. खर्रा हातातच राहिला होता.

कंट्रोल रूममध्ये सोनिकाने रजिस्टर पुढे ओढलं. हळूच म्हणाली, "केबल लूज होती, असं लिवू का? तुमचे दोन मेमो आहेत म्हणतात."

संघपालने पेन घेतलं. त्याने लिहिलं, 'दोन नंबरला बारा मी दिले होते. रजिस्टरमध्ये लिहिले नाहीत. काढले नाहीत. संघपाल.' समोर स्क्रीनवर दोन नंबरची रेघ बारीक थरथरत होती.

टेबलावरचा फोन वाजला. सोनिकाने नंबर पाहिला आणि त्याच्याकडे पाहिलं. साहेबांचा होता.

"द्या इकडे," तो म्हणाला.