शालीवर गेलेला टाइमआउट

काल कपाट आवरताना डांबरगोळ्यांच्या वासाची जांभळी शाल हाती आली आणि मी पुन्हा मंचरच्या कॉलेजच्या बास्केटबॉल कोर्टावर उभा राहिलो. चोवीस वर्षं मी तिथं कोच होतो.

ही शाल मिळाली त्या दुपारी अंतिम सामन्यात आमच्या मुली चार गुणांनी पुढं होत्या. कॅप्टन सुनंदा बेल्ह्याची. वडिलांनी तिला बजावलं होतं, "जिंकलीस तर पुढं खेळ, न्हाईतर बास झालं." इतक्यात प्रमुख पाहुणे आले, नेहमीसारखे उशिरा आणि नेहमीसारखे घाईत. प्राचार्य माझ्या कानाशी लागले, "सर, साहेबांना लगेच निघायचंय. तुमचा सत्कार उरकून घेऊ, मिनिटभर खेळ थांबवा."

सामना थांबवायला कोचला टाइमआउट मिळतात ते मोजकेच. माझ्याकडं शेवटचा उरला होता. तो मी मागितला. त्या मिनिटात मला शाल, नारळ आणि 'क्रीडामहर्षी' ही पदवी मिळाली.

खेळ संपता संपता आम्ही एका गुणानं मागं पडलो. धापा टाकत सुनंदानं माझ्याकडं बघून टाइमआउटची खूण केली. मी मान खाली घातली. मांडीवर नारळ होता.

हरल्यावर बुटाची नाडी सोडत तिनं विचारलं, "सर, टाइमआउट का न्हाई मागितला वो?"

"विसरलो," मी म्हणालो.

ती परत कोर्टावर आली नाही.

शाल मी कधीच पांघरली नाही. आता घरात ऐकायला कुणी नाही, तरी कपाट लावताना मी मोठ्यानं म्हणालो, "संपला होता, सुनंदा."