फोडणी फाझानापुढे थांबते

ब्राउनश्वाइगच्या स्टेशनवर सासऱ्यांनी माझ्या हातात दशम्यांचा डबा दिला आणि खाली वाकून कुत्रीच्या कानात काहीतरी सांगितलं. मला नुसतं "नीट जा" म्हणाले. परीक्षा आम्हा दोघींची होती, पण त्यांचा जीव कुणात अडकलाय हे फलाटावरच्या कुणालाही कळलं असतं.

कुत्रीचं नाव फोडणी. जर्मन शिकारी जातीची, अंगभर तडतडलेल्या मोहरीसारखे तपकिरी ठिपके. हेर ब्रिंकमान हे तिचे ब्रीडर. त्या पिल्लावळीतल्या सगळ्यांची नावं 'फ'वरून ठेवायची, असा त्यांचा नियम. त्यांच्या मनात फ्रीडा किंवा फ्लोरा असणार. नियम मात्र आम्ही तंतोतंत पाळला.

मी या नादाला लागले त्याला ऑफिसातला एक सहकारी जबाबदार. तो म्हणाला, यागटशाइनच्या (शिकारीच्या परवान्याच्या) परीक्षेत भले भले नापास होतात. पुण्यात वाढलेल्या बाईसमोर असं बोलू नये. मी क्लास लावला, नोट्स काढल्या आणि पास झाले. पास झाल्यावर लक्षात आलं की आता शिकारही करावी लागणार. समीर, माझा नवरा, अंडंसुद्धा खात नाही. तो म्हणाला, "पास झालीस ना, मग आता पुरे की." पण तोवर मी पिल्लू सांगून ठेवलं होतं.

ब्रिंकमान पिल्लं फक्त शिकाऱ्यांनाच देतात. करारातच लिहिलं होतं, पहिल्या हिवाळ्यात कुत्री काम करत नसेल तर ती परत घेतली जाईल. म्हणून नोव्हेंबरात त्यांनी आम्हाला दोन दिवसांसाठी एम्सलांडात, हॉलंडच्या सीमेजवळच्या आपल्या गावी बोलावलं होतं. शनिवारी दुपारपर्यंत फोडणीने फाझान (लांब शेपटीचा, रानकोंबड्यासारखा पक्षी) उठवून दाखवायचा. नाहीतर मी रिकामा पट्टा घेऊन घरी जायचं.

घरी बाबा होते. सासऱ्यांना मी बाबाच म्हणते. ते तीन महिन्यांच्या व्हिसावर आले होते आणि पुढच्या आठवड्यात परत जाणार होते. मुलगा-सून दिवसभर ऑफिसात, भाषा कळत नाही, शेजारी 'हालो'च्या पुढे जात नाहीत. पहिले पंधरा दिवस त्यांनी खिडकीत उभं राहून काढले. मग ते आणि फोडणी एकमेकांना सापडले. तिला कोण शिकवतंय, काय शिकवतंय, मी कधी विचारलंच नाही. ती बसते, उठते, बोलावलं की येते, एवढं मला पुरेसं होतं.

हानोफरला गाडी बदलायची होती. हातात सहा मिनिटं. फलाटावर एक कबूतर पावाचा तुकडा टोचत होतं. फोडणीला ते दिसलं आणि ती पुढचा उजवा पाय उचलून जागीच थिजली. याला फोरश्टेएन म्हणतात. पक्षी सापडला की या जातीचं कुत्रं असं उभं राहून धन्याला दाखवतं. वर्गात याचे फोटो पाहिले होते, पण माझी कुत्री पहिल्यांदाच करत होती. मी कौतुकाने फोटो काढला. मग पट्टा ओढला. ती हलेना. कबूतर सावकाश जेवत होतं. शेवटी मी तिला उचललं, पण पंचवीस किलोंचं कौतुक उचलून धावता येत नाही. गाडी डोळ्यांदेखत गेली.

एक तास उशिरा पोचलो. ब्रिंकमान छोट्याशा स्टेशनबाहेर उभे होते. सत्तरीचे, हिरवा कोट, जाड मिशा. मी माफी मागितली, कबुतराचं सांगितलं. त्यांनी घड्याळ पाहिलं, कुत्रीकडे पाहिलं आणि मला गाडीत बसायची खूण केली.

एम्सलांड म्हणजे पोळपाटासारखा सपाट मुलूख. कापलेल्या मक्याची शेतं, मधून पाण्याचे चर, बांधावर झुडपांच्या रांगा आणि क्षितिजावर पवनचक्क्या. ब्रिंकमानांनी मला त्यांची जुनी दुनळी बंदूक दिली, वारा तोंडावर घ्यायला सांगितला आणि म्हणाले, तुम्ही काही करू नका, जे करायचं ते कुत्री करेल. ही सूचना मला फार आवडली.

दहाव्या मिनिटाला फोडणी थिजली. वीस पावलांवर मक्याच्या खुंटांमध्ये एक नर फाझान दाणे टिपत होता. तांब्याच्या घागरीसारखा झळझळीत. ब्रिंकमान पुटपुटले, "गेनाऊ." अस्संच. नऊ महिन्यांचं पिल्लू एवढं स्थिर त्यांनी क्वचितच पाहिलं होतं. माझी मान ताठ झाली. मग त्यांनी पुढे जायचा हुकूम द्यायला सांगितलं. मी "फोरान" म्हणाले. फोडणी हलली नाही. मी मोठ्याने म्हणाले. फाझानाने मान वर करून माझ्याकडे पाहिलं, आणखी चार दाणे टिपले आणि चालत चरात उतरला. उडायचेही कष्ट घेतले नाहीत.

संध्याकाळपर्यंत असे तीन फाझान जेवून गेले. तिसऱ्याच्या वेळी तर फोडणी चक्क खाली बसली. चर ओलांडताना माझा बूट चिखलात रुतून राहिला आणि मी एका मोज्यावर पलीकडे पोचले.  परतताना ब्रिंकमान एवढंच म्हणाले की उभी छान राहते, पण पुढे जात नाही, आणि त्यांना शोभेची कुत्री द्यायची नव्हती.

रात्रीच्या जेवणाला ग्रुनकोल (मेथीपेक्षा जाड पानांची, तासन्‌तास शिजवलेली हिरवी भाजी) होती. त्यांच्या बायकोने आग्रहाने दोनदा वाढली.  फोडणी टेबलाखाली माझ्या पायांवर झोपली होती आणि उद्या हे ऊन वजन तिथे नसेल, या विचाराने मला रडू येत होतं.

अंगणात जाऊन घरी फोन लावला. बाबांनीच उचलला. सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "तो पक्षी खात होता का?"

"हो. तिन्ही खातच होते."

 मग म्हणाले, "मेधा, चूक माझी आहे गं."

रोज सकाळी बाबा बाल्कनीत चिमण्यांना बाजरी घालत. फोडणी सुरुवातीला अंगावर धावून जायची. त्यांनी तिला शिकवलं, आधी पाहुणे, मग घरचे. पक्षी जेवत असले की हलायचं नाही. त्यांच्या घरात तीन पिढ्यांना हेच शिकवलं होतं. चौथ्या पिढीला चार पाय आहेत म्हणून त्यांनी सूट दिली नाही.

"आणि मग तिला कसं सोडता?" मी विचारलं.

त्यांनी सांगितलं. शेवटी हळूच म्हणाले, "आणेन म्हण ना तिला. मी जायच्या आत."

मी म्हणाले, आणते. तोंडाने म्हणायला काय जातंय.

शनिवारी धुकं होतं. साडेअकरा वाजले तरी एकही पक्षी नाही. मग शेवटच्या बांधाशी फोडणी थिजली. पुढे नर फाझान, अर्थात जेवत. ब्रिंकमान माझ्या शेजारी. मला भयंकर लाज वाटत होती, पण मी घसा साफ केला आणि एम्सलांडच्या त्या शेतात, बाबांच्या सुरात म्हणाले, "पानं घेतली, चला."

फोडणी बाणासारखी सुटली. फाझान कर्कश ओरडत, पंख फडफडवत थेट माझ्या डोक्यावरून वर उठला. मी बंदूक खांद्याला लावली, नेम धरला, चाप ओढला. काहीच झालं नाही. लॉक काढायचं राहिलं होतं. लेखी परीक्षेत यावर मला पूर्ण गुण होते.

ब्रिंकमान एवढे हसले की त्यांना बांधावर बसावं लागलं. मग त्यांनी खिशातून कुत्रीचं कार्ड काढलं. कुत्री उत्तम, बाईंचं पुढच्या वर्षी बघू, असं म्हणाले आणि प्रशिक्षकाच्या रकान्यापाशी थांबले. मी काल काय घडलं ते सगळं सांगितलं. त्यांनी तिथे आधीच लिहिलेलं माझं नाव खोडलं आणि एकेक अक्षर विचारून लिहिलं: दत्तात्रय विनायक कुलकर्णी.

घरी बाबा दारातच उभे होते. त्यांनी माझ्याकडे नाही, पट्ट्याच्या दुसऱ्या टोकाकडे पाहिलं. मग जमिनीवर बसून तिला मिठी मारली. कार्ड त्यांनी चष्मा लावून दोनदा वाचलं आणि पासपोर्टमध्ये ठेवलं. कार्ड कुत्रीजवळच राहायला हवं, हे सांगायचा मला धीर झाला नाही. दुसरं मागवून घेतलं.

बाबा पुण्याला परत गेले त्याच्या दुसऱ्या दिवशी बाजरी मी घातली. चिमण्या आल्या, जेवल्या, उडून गेल्या. फोडणी उभीच. तिचं लक्ष वाटीकडे नव्हतं, बाबांच्या खोलीच्या दाराकडे होतं. ते तीन शब्द मलाही म्हणता येत होते. पण मी पुण्याला फोन लावला, स्पीकर सुरू केला आणि तिच्या कानाशी धरला.