रुखमाबाईची लाल मासोळी

चामोर्शीच्या आठवडी बाजारात, बसथांब्यामागं, रुखमाबाई तीस वर्षं खारी मासोळी विकते. वैनगंगेकाठची, मासेमारी करणाऱ्या ढिवरांतली बाई. रोहू मधोमध चिरते, खड्याच्या मिठात दाबते, उन्हात वाळवते. तिच्याशी भाव करायला गेलेला माणूस परत येताना पोलीस ठाण्यातून सुटल्यासारखा दिसतो. मी मात्र तिला घाबरत नव्हतो. मी कुणालाच घाबरत नाही. सातवी नापास आहे, पण भेसळीचा कायदा तोंडपाठ आहे.

मागच्या मे महिन्यात तिच्या मासोळ्यांवर गुलाबी-लाल थर दिसला. माझं डोकंच सटकलं. भाजीवाल्याचा माइक हिसकावला आणि भर बाजारात ओरडलो, "ही बाई मासोळीला रंग लावते!"

रुखमाबाई उठली. "हेमराजभाऊ, मेल्या मासोळीले रंग लावून मी काय तिचं लगन लावून राह्यली?"

लोक हसले, पण गिऱ्हाईक पांगलं. बाजाराच्या ठेकेदारानं तिथंच सांगून टाकलं, "दोन बाजारांच्या आत शहानिशा करा. नाई तं ही जागा बांगड्यावाल्याले देतो." बांगड्यावाला त्याचा साळा. तो त्याच दिवशी जागा पावलांनी मोजून गेला.

मी पुरावा जप्त केला. एक लाल मासोळी, तुलनेला दुसऱ्या ढिवराची एक पांढरीफटक, आणि तिच्या घरच्या मडक्यातलं मूठभर मीठ. सगळं एकाच डब्यात, डबा कपाटात, किल्ली करदोट्याला.

बाराव्या दिवशी कॉलेजात विज्ञान शिकवणाऱ्या निशा मॅडमना साक्षीला बोलावलं. रुखमाबाई न बोलावता आली आणि उंबऱ्यावर बसली. मी ऐटीत डबा उघडला.

पांढरी मासोळीही लाल झाली होती.

रुखमाबाईनं आधी डब्यात पाहिलं, मग माझ्याकडं.

"किल्ली कोनापाशी होती, भाऊ?"

"माझ्यापाशी."

"मंग रंग कवा लावला तुमी?"

मॅडम पदर तोंडाला लावून हसल्या. मग म्हणाल्या, "रंग कोणीच लावला नाही. समुद्राच्या मिठात खारावर जगणारे सूक्ष्मजीव असतात. इतर जंतू मरतात अशा मिठात हे मजेत वाढतात; डब्यात ते पांढऱ्या मासोळीवरही पसरले. लाल रंग त्यांचा स्वतःचाच. गाजराच्या रंगाच्या गोतातला, कॅरोटिनॉइड म्हणतात. कडक उन्हात तो त्यांना वाचवतो. साध्या पाण्यात टाकले, तर फुटून मरतात."

"मग बाकीच्या ढिवरांची मासोळी पांढरी कशी?" मी अजून हरलो नव्हतो.

मॅडमनी खोदून विचारल्यावर रुखमाबाईनं सांगितलं. नवीन पोतं फोडलं की त्यात मडक्यातलं मूठभर जुनं मीठ टाकायचं, आणि काम झालं की मूठभर परत मडक्यात. सासूनं घालून दिलेली रीत. जुनं मीठ मुरलेलं असते, चव देते. दर उन्हाळ्यात थोडी लाली यायची, ती पुसून टाकायची. औंदा उकाड्यात माल प्लास्टिकखाली झाकला अन् लाली पुसून सरेना.

"बाई, तुम्ही तीस वर्षं या जीवांचं विरजण लावत आलात!" मॅडम म्हणाल्या. "लाल माल विकायचा नाही. तो सैल पडतो, वास मारतो. नवीन मीठ आधी भाजून घ्या."

"हे जीव तीस वर्सं माया घरी राह्यले," रुखमाबाई मडक्याचा विचार करत म्हणाली, "अन् एक दिवस बी मासोळी चिराले हात नाई लावला." मडकं तिनं कॉलेजला देऊन टाकलं. लाल माल खड्ड्यात पुरला. मला मात्र तिनं सोडलं नाही. "ज्या माइकवर बोंबलले, त्याच माइकवर बोला."

मी आयुष्यात माफी मागितलेली नाही. पण पुढच्या बाजारात ठेकेदार उभा, साळा बांगड्यांची पेटी घेऊन उभा. माझ्या एका ओरडण्यानं त्या बाईची जागा जात होती.

"मी चुकलो," मी म्हणालो.

"आवाज नाई आला," रुखमाबाई म्हणाली.

"मी चुकलो! रुखमाबाईनं रंग लावला नव्हता! जागा तिचीच!"

साळ्यानं पेटी उचलली. लोकांनी टाळ्या पिटल्या. रुखमाबाईनं माझ्या हातातून माइक घेतला आणि आरोळी ठोकली, "या, या! भाजल्या मिठाची पांढरी मासोळी! हेमराजभाऊच्या कपाटात बारा दिवस तपासलेली!"

ही सरळसरळ खोटी जाहिरात. कलमही मला पाठ आहे. मी तोंड उघडलं. तिनं माइक माझ्यापुढं धरला.

मी तोंड मिटलं आणि एक मासोळी विकत घेतली.