घोषणा तुळशीच्या लग्नानंतर

ऑफिसातले किस्से बिस्किटांच्या रिकाम्या डब्यांसारखे असतात. टाकवत नाहीत म्हणून आपण ठेवत जातो, आणि एक दिवस कपाटाचं दारच लागत नाही. माझं आता तसं झालंय. पोर्टलीशपासून अर्ध्या तासावरच्या एका अम्यूझमेंट पार्कात मी मार्केटिंगला आहे. नवऱ्याला हॉस्पिटलात नोकरी लागली म्हणून आयर्लंडला आले, आणि घरी बसून जीव कंटाळला म्हणून पार्कात. मजेत चाललंय. आमच्या खात्यातलं सगळ्यात अवघड काम एकच: नवा रोलर कोस्टर येणार हे लोकांना नक्की कधी सांगायचं!

* * *

लवकर सांगितलं तर लोक म्हणतात, मग पुढच्या वर्षीच जाऊ की. उशिरा सांगितलं तर तोवर त्यांनी स्पेनची तिकिटं काढलेली असतात.

मागच्या खेपेला आमची बॉस डिअर्ड्रा हिने तीन मीटिंगा घेऊन एक रविवार ठरवला. डिअर्ड्रा पडली डब्लिनची. त्याच दिवशी हर्लिंगची मोठी मॅच होती आणि आमची काउंटी खेळत होती, हे तिच्या गावीही नव्हतं. इथे हर्लिंग असलं की बाकी सगळं बंद. आम्ही धूमधडाक्यात घोषणा केली आणि फोनपाशी बसलो. दिवसभरात एकच फोन आला. एका बाईंचं जॅकेट पार्कात राहिलं होतं.

* * *

म्हणून यंदा गुप्तता कडक. नव्या कोस्टरला ऑफिसात "शेड" म्हणायचं ठरलं. ईमेलमध्ये शेड, मीटिंगमध्ये शेड, नवऱ्याला सांगायचं तरी शेड.

चौथ्या दिवशी मी गावात मटण आणायला गेले. खाटीक मटण तोलता तोलता सहज म्हणाला, "तुमच्या त्या शेडला लूप किती आहेत?"

* * *

उन्हाळ्यात माझी आई सांगलीहून आली होती. तिच्या हातच्या चकल्या खाऊन डिअर्ड्रा तिची भक्तच झाली. हर्लिंगचा धसका होताच, त्यामुळे तिने आईलाच विचारलं, की घोषणेला नोव्हेंबरातला चांगला दिवस सांगा. हसू नका. याच बाईने गार्डन पार्टीला पाऊस नको म्हणून बाळ येशूची मूर्ती कुंपणाखाली ठेवली होती, आणि पाऊस आला नव्हता!

आईने बॅगेतून कॅलेंडर काढलं, चष्मा लावला आणि म्हणाली, "तुळशीचं लग्न हूं दे. मग काय ते करा."

मी जसंच्या तसं भाषांतर केलं. डिअर्ड्राने सगळ्यांच्या कॅलेंडरात टाकलं, "शेडची घोषणा: तुळशीच्या लग्नानंतर." आठवड्याने माझ्या टेबलावर एक मोठं कार्ड आलं. आख्ख्या ऑफिसने तुळशीला शुभेच्छा देऊन सह्या केल्या होत्या. तिकीट खिडकीवरच्या एकीने तर लिहिलं होतं, "तू गेल्यावर इथे करमणार नाही."

* * *

आता डेक्लनचं सांगते. हा आमचा मुख्य मेकॅनिक. इथे सगळे एकमेकांना नावाने हाक मारतात, मीही मारते, पण मनातल्या मनात मी त्याला काकाच म्हणते. पार्कातला जुना कोस्टर त्याने तरुणपणापासून सांभाळलाय. त्या कोस्टरला सगळे म्हातारी म्हणतात. चढावर कुरकुरते, पण कधी कुणाला दगा दिला नाही.

नवा कोस्टर येणार तो म्हातारीच्याच जागेवर. सीझन संपला की तिला काढणार.

डेक्लन एकदा टोपी हातात घेऊन डिअर्ड्राच्या केबिनमध्ये आला. म्हणाला, घोषणा नोव्हेंबरात नको, ऑगस्टमध्ये कर. लोकांना कळू दे की ही जाणार आहे. त्यांना शेवटचं बसून घेऊ दे. डिअर्ड्राने शांतपणे ऐकून घेतलं आणि नाही म्हणाली. आत्ता सांगितलं तर बातमी नव्याची न होता जुनीची होईल, हे तिचं म्हणणं. धंद्याच्या हिशेबाने चूक नव्हतं. डेक्लन "ग्रँड" म्हणाला, म्हणजे इथल्या भाषेत ठीक आहे, आणि गेला. मला फार वाईट वाटलं. घरचं माणूस जाणार आणि कुणाला कळवायचंही नाही!

* * *

आता इथला कायदा असा, की बांधकामाची परवानगी मागायची तर आधी जागेवर नोटीस लावायची. रस्त्यावरून वाचता आली पाहिजे आणि पाच आठवडे काढायची नाही. डिअर्ड्राने डेक्लनला बजावलं, कायद्यात बसेल पण कुणी वाचत थांबणार नाही अशी जागा बघ.

डेक्लनने जागा बघितली. म्हातारीची रांग रस्त्याकडच्या कुंपणाला लागूनच जाते. त्याने दोन नोटिसा लावल्या. एक रस्त्याकडे तोंड करून, कायद्यासाठी. दुसरी रांगेकडे, डोळ्यांच्या बरोबर समोर. जिथे माणूस पाऊण तास उभा असतो आणि वाचायला दुसरं काहीही नसतं. "सध्याचा रोलर कोस्टर काढून त्या जागी नवा," असं त्यात स्वच्छ लिहिलेलं.

पुढच्या रविवारी रांग पार्किंगपर्यंत गेली. लोक पोरांना घेऊन आले, आईबापांना घेऊन आले. कॉर्कहून एक आजी-आजोबा आले होते, ते लग्नाआधी यात बसले होते म्हणे. माझी आई पदर खोचून त्यांच्या मागे उभी.

डिअर्ड्रा ऑफिसातून तरातरा खाली आली. डेक्लन लिव्हरपाशी होता. तिने विचारलं, "हे काय आहे?"

"काढता येणार नाही," डेक्लन म्हणाला. "पाच आठवडे. कायदा आहे."

डिअर्ड्रा वळली आणि रांगेच्या शेवटी जाऊन उभी राहिली. पाऊण तासाने नोटिशीपाशी पोचली. पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत वाचली.

"जरा तिरकी लागलीय," ती म्हणाली, आणि दोन्ही हातांनी सरळ केली.