जळका गूळ, किडकी डाळ

लातूरला आमच्या कॉलनीच्या कोपऱ्यावर सेंद्रिय धान्याचं दुकान निघालं, ते आमच्या समोरच्याच बाईंचं. बाई आणि त्यांचे निवृत्त यजमान दोघंही गुडघ्यांवर इलाज शोधता शोधता सेंद्रियापर्यंत पोचले होते. जन्मभर पाकिटातलं खाल्लेली माणसं आता येणाऱ्याजाणाऱ्याला कदन्नाचे गुण सांगायची. दुकानात बांबूच्या टोपल्या होत्या, सुतळीनं बांधलेल्या पिशव्या होत्या आणि भिंतीवर एका हसऱ्या शेतकऱ्याचा फोटो होता. त्याच्या धोतराला मातीचा एक डागही नव्हता.

माझी बहीण उदगीरकडच्या एका खेड्यात दिलेली. दाजींचा ऊस आहे, हिवाळ्यात गुऱ्हाळ चालतं. चहा पिताना हे मी बाईंजवळ बोलून गेलो, आणि पुढच्याच रविवारी त्यांच्या गाडीतून आम्ही तिघं गुऱ्हाळावर हजर झालो.

पिवळ्याधमक ढेपा बघून बाईंनी नाक मुरडलं.

"हा केमिकलचा. काळा नाही का तुमच्याकडे?"

काळा होता. आदल्या दिवशी जाळ जास्त होऊन एक कढई करपली होती, त्या ढेपा छपराखाली वेगळ्या काढून ठेवल्या होत्या. बाईंनी त्यातला खडा तोंडात टाकला आणि डोळे मिटले.

"ही खरी चव. लहानपणीची."

"ताई, तो जळालाय," दाजी म्हणाले. "बैलांसाठी ठेवलाय. अन् ऊस दोन्हीचा एकच हाय. युरिया घातलाय, तणनाशक बी मारलंय. खोटं कशाला बोलू?"

बाई माझ्याकडे वळून कौतुकानं म्हणाल्या, "किती साधी माणसं असतात ही. आपल्या मालाची किंमतच कळत नाही यांना."

दाजींनी माझ्याकडे बघितलं. मला बोलता आलं असतं. पण परत त्यांच्याच गाडीतून यायचं होतं. मी चुलाणाकडे बघत उभा राहिलो. सगळ्या जळक्या ढेपा डिकीत गेल्या.

निघताना बहिणीनं तुरीच्या डाळीची एक छोटी गोणी आणून गाडीत ठेवली. घरच्या खाण्यापुरती अर्धा एकर तूर ती वेगळी करते, निव्वळ शेणखतावर. "हे खरं बिनफवारणीचं हाय," ती बाईंना म्हणाली. "दादाच्या शेजारच्या म्हणून द्यायलेय."

काळा गूळ 'पारंपरिक, रसायनमुक्त' अशी चिठ्ठी लागून आठवड्यात संपला. घ्यायला आलेल्यांत कॉलनीतले दोन डॉक्टर होते. त्यातल्या एकाला मी सांगितलं, गूळ करपलेला आहे. त्यानं मला त्यातलं लोह समजावून सांगितलं.

डाळ मात्र महिन्याभरात परत आली. मेलेला उंदीर धरावा तशी गोणी दोन बोटांत धरून यजमानांनी ती आमच्या पायरीवर ठेवली. मागे बाई होत्या.

"भाऊ, यात भुंगे झालेत."

"औषध नाही मारलं तर भुंगे होणारच, वहिनी."

"ते खरं हो. पण सेंद्रिय म्हणजे स्वच्छ नको का?"

आम्ही डाळ गच्चीवर उन्हात घातली, पाखडली आणि खाल्ली.

पुढं एकदा दाजींचा फोन आला. बाईंनी त्यांना परस्पर फोन करून आणखी काळा गूळ मागितला होता. "मी म्हणलो, चुकून जळला होता. मुद्दाम जाळून देणार न्हाई." बाईंना दुसरा गुऱ्हाळवाला सापडला. तो मागाल तेवढा जाळून देतो. आता त्यांच्या मुलीनं नांदेडलाही दुकान काढलंय, आणि ते लातूरपेक्षा जोरात चालतंय म्हणे.

त्या दिवशी दाजींचं बोलून झाल्यावर फोन बहिणीनं घेतला. "दादा, डाळ आवडली का रे त्यांना? मी मुद्दाम निवडून दिली होती."

"लई आवडली," मी म्हणालो.

"मग औंदा दोन गोण्या पाठवते," ती म्हणाली.