अण्णा आणि जनरेटरचा पिवळा दिवा

अख्ख्या बंगळुरूत वीज असताना घाबरणारा माणूस एकच आहे आणि तो माझ्या डोक्यावर, म्हणजे वरच्या फ्लॅटमध्ये राहतो. बेळ्ळंदूरमध्ये वीज गेली की लोक वैतागतात. आमचे अण्णा ती असतानाच 'आता गेली तर?' म्हणून घाम पुसतात. कारणही तसंच आहे. त्यांच्या बायकोला, अक्कांना, दिवसभर ऑक्सिजनचं मशीन लागतं. वीज गेली की ते सोसायटीच्या जनरेटरवर चालतं. तोही बंद पडला तर म्हणून कोपऱ्यात एक सिलिंडर उभा आहे, पण त्याच्यावर अण्णांचा काडीचा विश्वास नाही.

म्हणून निपाणीचे हे निवृत्त हेडमास्तर उठसूट आवारातल्या जनरेटरच्या शेडमध्ये जाऊन कंट्रोलरच्या छोट्याशा स्क्रीनपुढे उभे राहतात. इलेक्ट्रिशियनने शंभरदा सांगितलंय, पिवळा दिवा म्हणजे नुसती सूचना, इंजिन चालू राहतं. लाल लागला तरच ते बंद होतं. अण्णांना हा भेद मान्य नाही. "पिवळं म्हणजे लाल व्हायच्या आधीचंच की गं!" एकदा स्क्रीनवर 'सर्व्हिस ड्यू' आलं. अर्थ एवढाच, की ऑइल बदलायची वेळ जवळ आली. अण्णांनी सोसायटीच्या ग्रुपवर फर्मान काढलं, कुणी लिफ्ट वापरू नये, इंजिनावर भार नको. अहो, वीज होती तेव्हा! तरी सातव्या मजल्यावरच्या बाई भाजीच्या पिशव्या घेऊन जिना चढल्या, आणि वर पोचल्यावर त्यांनी अण्णांचा जो उद्धार केला तो मला खाली ऐकू आला. एका बारशाला दिवे नुसते लुकलुकले, तर हा माणूस भरल्या ताटावरून उठून शेडकडे पळाला. परत येऊन म्हणाले, "ताप नाही त्याला." इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्याचं, म्हणजे कूलंटचं, तापमान ते असंच सांगतात.

गेल्या उन्हाळ्यात भर दुपारी मात्र घात झाला. बॅटरी कमी असल्याचा पिवळा दिवा लागला आणि भोंगा वाजायला लागला. अण्णांना तो सोसेना. त्यांनी समोरचं लाल बटण दाबलं, आवाज थांबला, अण्णा खूश. पण ते बटण होतं 'स्टॉप'चं. ते दाबलं की कंट्रोलर ऑटोमधून बाहेर येतो आणि वीज गेली तरी इंजिन आपणहून सुरू होत नाही. थोड्याच वेळात वीज गेली. एरवी लगेच घरघर सुरू व्हायची. त्या दिवशी सगळं चिडीचूप. मी वर धावले. जिन्यात अण्णा भेटले, एकाच पायात चप्पल, "चालू झालं नाही गं, चालू झालं नाही," म्हणत खाली निघालेले.

मी वर पोचताच अक्कांनी सिलिंडरकडे बोट दाखवलं. नळी मला जोडता जोडेना. शेवटी एकदाची बसली. दम घेत घेत अक्का म्हणाल्या, "घाबरू नको. स्वल्प वेळ जमतंय मला." मग दाराकडे बघत म्हणाल्या, "सारखे तिथंच असतात बघ. त्या जनरेटरला काय झालंय ते स्क्रीनवर लिहून तरी येतं. माझ्याकडं बघायला भितात ते." मला रडूच फुटलं.

तोवर अण्णांनी इलेक्ट्रिशियनला फोन लावून, स्क्रीन वाचून दाखवून, ऑटोचं बटण दाबलं होतं. इंजिन सुरू झालं. धापा टाकत ते वर आले आणि दारातच थांबले. "मीच बंद केलं की गं ते. मीच."

"असू दे ओ," अक्कांनी हात पुढे केला. "आता बसा इथं."

अण्णा बसले.

परवा पुन्हा वीज गेली. खिडकीतून पाहिलं, तर शेडमध्ये अण्णा नव्हते. मला राहवेना, म्हणून मीच गेले, स्क्रीन वाचली आणि वर फोन लावला. "सुरू आहे अण्णा, दिवा कुठलाच नाही."

"सरी, बरं," ते अगदी हळू म्हणाले. "मग बोलू या. हिला आत्ताच डोळा लागलाय."

मी मात्र वीज येईपर्यंत त्या स्क्रीनसमोरून हलले नाही.