थंडीच्या आठवड्यातल्या दहा खुर्च्या

त्यांना सगळे सांधेवाले म्हणत. एकदा एक बाई गुडघे धरत जिना चढून त्यांच्या कारखान्यात आल्या आणि बाकावर बसून म्हणाल्या, "डॉक्टर कधी येतात?" सांधेवाल्यांनी त्यांना पाणी दिलं आणि हाडांच्या दवाखान्याचा रस्ता नीट समजावून सांगितला. त्यांचे स्वतःचे पेशंट लाकडी होते. डगमगणारी जेवणाची टेबलं आणि कुरकुरणाऱ्या खुर्च्या, दुसरं काही ते हातात घेत नसत.

दुकानदार त्यांना टरकून असत, कारण नवीन टेबल घ्यायला निघालेले लोक त्यांना सोबत घेऊन जात. सांधेवाले आधी चकचकीत पॉलिशकडे बघतच नसत. खुर्ची उचलायची, सगळ्यांसमोर उताणी करायची आणि खालून बघायची. नुसत्या खिळ्यांवर उभी असेल तर परत ठेवून द्यायची. सांध्यात कुसू असेल, म्हणजे आडव्या पट्टीचं टोक पायाच्या खाचेत नीट शिरलेलं असेल, तरच पुढची बोलणी. मग ती सरळ करून तिच्यावर बसायचं, हात टेबलावर ठेवायचे. मांडी आणि टेबलाची कड यांच्यामध्ये वीतभर जागा राहिली पाहिजे. "जेवताना खांदे वर गेले, की घास घशात अडकलाच समजा," असं ते म्हणत. घरी नेल्यावर काय करायचं तेही सांगत. टेबल ओढायचं नाही, दोघांनी उचलायचं. ओल्या फडक्यामागून लगेच कोरडं फडकं फिरवायचं. मागच्या दोन पायांवर झुलायचं नाही. आणि खुर्चीवर चढायचं नाही, काहीही झालं तरी.

शेवटचं वाक्य सांगताना त्यांचा आवाज बदलायचा. बाविसाव्या वर्षी त्यांनी पहिल्या चार खुर्च्या केल्या त्या थोरल्या बहिणीच्या नव्या संसारासाठी. ताई पडदा लावायला त्यातल्या एकीवर चढली आणि खुर्चीचा मागचा पाय सांध्यातून निसटला. तेव्हापासून ती लंगडत चालते. त्यांना तिने कधी एका शब्दाने दोष दिला नाही, आणि तेच त्यांना जास्त लागलं. त्यानंतर चाळीस वर्षं हा माणूस कुठेही गेला तरी बसायच्या आधी खुर्ची हलवून बघत आला. लग्नाच्या बोलणीला गेले तेव्हाही त्यांनी हेच केलं होतं. बायको अजून सांगते, "मला बघायला आले आणि खुर्ची बघून गेले."

त्या वर्षी थंडी नेहमीपेक्षा आधी आली आणि जास्त आली. कारखान्यातली शेगडी नेमकी त्याच आठवड्यात बिघडली. हातात दोन कामं होती. कोपऱ्यावरच्या खाणावळीच्या चार खुर्च्या, आणि एका तिसऱ्या मजल्यावरच्या घरातल्या सहा. त्या घरात एक बाई आणि तिची नव्वदीची सासू अशा दोघीच राहत. बाईंनी सांगितलं होतं, "काका, पाहुणे यायचेत. तेवढं आठवड्यात द्या."

बायको म्हणाली, "अहो, शेगडी दुरुस्त होईपर्यंत थांबा की. बोटं वळत नाहीयेत तुमची."

"बोटं माझी आहेत. मी वळवतो."

त्यांनी जुने सांधे उकलले, कुसू साफ केले, पांढरा गोंद लावला आणि सांधे दाबून धरणारे शिकंजे आवळले. गोंदाच्या डब्यावर बारीक अक्षरांत लिहिलं होतं, फार थंडीत वापरू नये. ते त्यांनी चष्मा लावून वाचलंही होतं. पण इतकी वर्षं गोंदाने कधी दगा दिला नव्हता. शनिवारी खाणावळीच्या चार गेल्या, तिसऱ्या मजल्यावरच्या पाच गेल्या. सहाव्या खुर्चीच्या गादीला कापड कमी पडलं म्हणून ती राहिली.

सोमवारी सकाळी बायकोने तिच्यावर नवी गादी ठोकली आणि नेहमीसारखं बसून पाहिलं. कट् असा आवाज आला. मोठा नव्हता, सुपारी फुटावी एवढाच. ती पटकन उठली.

सांधेवाल्यांनी खुर्ची उताणी केली, मागचा पाय धरला आणि हलकेच ओढला. कुसू सुळकन बाहेर आला. त्यावर गोंदाचा चिवट थर असायला हवा होता. तिथे खडूसारखी पांढरी भुकटी होती. त्यांनी अंगठ्याने पुसली, ती उडून गेली.

गोंद धरलाच नव्हता. थंडीने तो सुकता सुकता मेला होता. या खुर्चीत जे झालं तेच बाकीच्या नऊ खुर्च्यांत झालेलं असणार, कारण डबा तोच, गारठा तोच आणि हात तेच.

"चार खाणावळीत," ते म्हणाले, "आणि पाच त्या आजींकडे."

बायकोने चपला त्यांच्यासमोर आणून ठेवल्या.

खाणावळ दोन मिनिटांवर होती. तिथे ऐन नाश्त्याची गर्दी. एका खुर्चीवर एक आडव्या अंगाचे गृहस्थ वर्तमानपत्र वाचत बसले होते आणि पान उलटताना मागे रेलत होते. सांधेवाल्यांनी त्या गृहस्थांना हात देऊन उठवलं, माफी मागितली आणि चारही खुर्च्या एकेक करून बाहेर ओढून फुटपाथवर उताण्या ठेवल्या.

"हे काय चाललंय?" मालक काउंटरमागून म्हणाला.

"गोंद धरला नाही. मोडतील."

"मग संध्याकाळी न्या. आत्ता माणसं कुठे बसवू, डोक्यावर?"

"माणूस पडेल हो."

"हळू बोला," मालक दबक्या आवाजात म्हणाला. "सगळ्यांना ऐकू जातंय. न्या, पण पुढच्या कामाला येऊ नका. मी दुसरं कोणी बघतो."

दहा वर्षांचं गिऱ्हाईक त्या एका वाक्यात गेलं. सांधेवाल्यांना ते त्या क्षणी जाणवलंही नाही. त्यांचं सगळं लक्ष तिसऱ्या मजल्यावर लागलं होतं. त्यांनी बाईंना फोन लावला. बंद. पुन्हा लावला, बंद. पाहुणे दोन दिवसांनी येणार होते, म्हणजे रोज बसणाऱ्या दोघीच. सून हलकी. आजी मात्र चांगल्या भरलेल्या होत्या. गादीचं माप घ्यायला गेले तेव्हा त्यांनी पाहिलं होतं, आजी उठताना दोन्ही हातांनी खुर्चीच्या पाठीवर सगळा भार टाकायच्या. त्या वयात एकदा कंबर मोडली की माणूस अंथरुणातून उठत नाही.

बस मिळाली, पण ती प्रत्येक सिग्नलला थांबत होती. सांधेवाले दारापाशी दांडा धरून उभे राहिले. एक सीट रिकामी होती, तिच्यावर बसायची त्यांना भीती वाटत होती. डोळ्यांसमोर एकच चित्र येत होतं. आजी फरशीवर, शेजारी निखळलेला पाय, आणि त्याच्या टोकाला पांढरी भुकटी. मग त्या आजींच्या जागी त्यांना ताई दिसू लागली, पडदा अजून हातात धरलेली. त्यांनी डोळे उघडे ठेवले, तरी चित्र हलेना. शेजारच्या प्रवाशाने विचारलं, "बरं नाही का वाटत तुम्हाला?" त्यांनी नुसती मान हलवली. ती हो होती की नाही, त्यांनाही कळलं नाही.

जिने ते कठडा धरून चढले. घंटा दाबली. आतून काही आवाज नाही. पुन्हा दाबली. त्यांनी दाराला कान लावला. नळ वाहत असल्यासारखं वाटलं, मग तेही थांबलं. तिसऱ्यांदा त्यांनी घंटा अंगठ्याने दाबून धरली.

दार उघडलं. सून ओले हात पुसत उभी होती. "अरे काका, तुम्ही? सहावी आणलीत?"

"आजी कुठे आहेत?"

"जेवतायत. का?"

ते चपलांसकट आत शिरले. टेबलाच्या टोकाला आजी बसल्या होत्या, समोर ताट. चार खुर्च्या टेबलाखाली सरकवलेल्या, पाचवीवर त्या. सांधेवाल्यांना ओरडावंसं वाटलं, पण त्यांनी ओठ दाबले. दचकून हललं माणूस तर तेच निमित्त व्हायचं.

"आजी," ते शक्य तितक्या सावकाश म्हणाले, "उठू नका. मागे रेलू नका."

"उठतंय कोण?" आजी म्हणाल्या. "अर्धं जेवण राहिलंय माझं."

सांधेवाले गुडघ्यांवर बसले आणि खुर्चीमागे रांगत गेले. उजव्या मागच्या पायाचा सांधा उघडला होता, नखाएवढा. आजींनी वाटीकडे हात नेला की फट रुंद व्हायची, हात परत आला की मिटायची. खाली फरशीवर चिमूटभर पांढरी भुकटी पडली होती. त्यांनी दोन्ही हातांनी मागचे दोन्ही पाय आतल्या बाजूला दाबून धरले.

"हे माझ्या खुर्चीखाली काय करतायत?" आजींनी सुनेला विचारलं.

"आजी, माझी चूक झालीय," खालून आवाज आला. "थंडीत गोंद मेला. खुर्ची सुटतेय. मी धरलीय, पण तुम्ही हलू नका."

सुनेने पटकन बाजूची खुर्ची ओढली. "हिच्यावर बसवू त्यांना."

"तिला हात लावू नका. तीही त्यातलीच आहे. पाचही."

सुनेने हात मागे घेतला. शनिवारपासून ती स्वतःच त्यांवर बसत होती. मग तिला गॅलरीतली प्लास्टिकची खुर्ची आठवली. ती तिच्यावरच्या कुंड्या उतरवायला धावली, आणि त्या उतरवायला बराच वेळ लागला. तेवढा वेळ सांधेवाले खाली, गाल खुर्चीच्या पट्टीला टेकवून. दंडात गोळे येत होते. वर आजी शांतपणे चावत होत्या.

"मी शिलाईच्या कारखान्यात तीस वर्षं सुपरवायझर होते," आजी वरून म्हणाल्या. "एकदा दोरा कच्चा आला. सगळ्या पाळीचा माल परत बोलावला. तुम्ही किती बोलावलात?"

"दहा."

"सगळ्या आल्या?"

"ही धरून."

"मग धरा नीट."

प्लास्टिकची खुर्ची आली. सुनेने आजींच्या काखेत हात घातला. "आता टेबलावर भार टाका," सांधेवाले म्हणाले, "खुर्चीवर नको. सावकाश." आजी इंच इंच वर आल्या, एक पाऊल सरकल्या आणि दुसऱ्या खुर्चीत टेकल्या. भार निघाला त्याच क्षणी मागचा पाय सांधेवाल्यांच्या हातात सुटून आला. ते तो हातात घेऊन तसेच फरशीवर बसून राहिले. त्यांना रडू येत होतं आणि ते दाबताना छातीतून विचित्र आवाज निघाला. आजींनी पाण्याचा पेला खाली सरकवला.

पाहुण्यांना त्या आठवड्यात प्लास्टिकच्या खुर्च्यांवर बसवलं गेलं. दहाही खुर्च्या सांधेवाल्यांनी घरी आणल्या, कारण सगळ्यात जास्त ऊब होती ती घरच्या स्वयंपाकघरात. प्रत्येक सांधा उकलून मेलेला गोंद पटाशीने लाकूड लागेपर्यंत खरवडावा लागला, त्यावर नवा गोंद बसला नसता. अकरा दिवस ओट्यासमोर शिकंजे लावलेल्या खुर्च्या उभ्या होत्या आणि नवरा-बायको उभ्याने जेवत होते. "गोठ्यात राहिल्यासारखं वाटतंय," बायको म्हणाली. रोज सकाळी ते उठून प्रत्येक सांधा ओढून बघत. मग चहा.

खाणावळवाल्याने चार खुर्च्या निरोप पाठवून नेल्या आणि पुन्हा काम दिलं नाही. आजींकडे सांधेवाले स्वतः गेले. सहा खुर्च्यांवर आधी ते बसले, एकेकीवर, सगळा भार मागे टाकून. मग त्यांनी आजींना बसू दिलं. त्यानंतर दर दोन महिन्यांनी ते त्या घरी जात, सगळ्या खुर्च्या उताण्या करून बघत आणि चहा न घेता निघत. सांधे पक्के होते, हे त्यांना ठाऊक होतं. पण संध्याकाळी फोन वाजला की ते आधी बायकोकडे बघत आणि मग उचलत.

पुढच्या वर्षीच्या उन्हाळ्यात असाच एक फोन आला. सून बोलत होती. "काका, आई गेल्या हो सकाळी."

"कशाने?" एवढंच सांधेवाले बोलले, आणि बोलून झाल्यावर त्यांना लाज वाटली.

ती म्हणाली, "झोपेत गेल्या, काका. पलंगावर."

त्यांनी फोन ठेवला आणि बायकोला सांगितलं. ती म्हणाली, "जाऊन या." ते गेले. घरात माणसं जमली होती. त्या सहाही खुर्च्यांवर कोणी ना कोणी बसलं होतं. एका म्हाताऱ्या गृहस्थांनी सरकून त्यांना जागा देऊ केली. सांधेवाले नको म्हणाले आणि भिंतीला टेकून शेवटपर्यंत उभे राहिले.